पियानो ड्युएटची मैफल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका पियानोपुढे दोन जण बसलेले दिसले की श्रोत्यांना हमखास काही प्रश्न पडतात. मध्यंतरात, कार्यक्रम संपल्यावर, कधी थेट वादकांनाच गाठून विचारले जाणारे हे प्रश्न. उत्तरं देताना माझा कल मी लपवलेला नाही. डाव्या बाजूला बसणाऱ्याचं काम मला जास्त आवडतं आणि त्याची दखल कमी घेतली जाते असं माझं ठाम मत आहे.

ड्युएट म्हणजे एक पियानो की दोन?

दोन्ही. पण ते दोन वेगळे प्रकार आहेत. कार्यक्रमपत्रिकेत ‘फोर हँड्स’ किंवा ‘चार हातांसाठी’ असं लिहिलं असेल तर पियानो एकच आणि त्यापुढे दोघं शेजारी शेजारी. ‘टू पियानोज’ असेल तर प्रत्येकाला स्वतंत्र वाद्य. दोन पियानोंच्या रचनेत प्रत्येकाच्या वाट्याला पूर्ण 88 पट्ट्या, स्वतःचं पेडल आणि हात पसरायला हवी तेवढी जागा असते, त्यामुळे ते संगीतही ऐसपैस आणि झगमगीत होतं. चार हातांचं संगीत मुळात दिवाणखान्यातलं. तिथे पट्ट्या, पेडल, बसायची जागा सगळंच वाटून घ्यावं लागतं. पुष्कळ जोड्या पूर्वार्धात एक पियानो आणि उत्तरार्धात दोन अशी आखणी करतात. खालची बहुतेक उत्तरं चार हातांच्या प्रकाराबद्दल आहेत.

कोण कुठे बसतं?

उजवीकडे प्रीमो, डावीकडे सेकोंडो. प्रीमोकडे वरची सप्तकं, सेकोंडोकडे खर्जाची बाजू. सगळ्या पट्ट्या मिळून रुंदी सव्वा मीटरच्या जराशी आतच भरते. म्हणजे एकेकाच्या वाट्याला साधारण साठ सेंटिमीटर. दोन मोठी माणसं एवढ्या जागेत खांदे सरळ ठेवून बसूच शकत नाहीत, म्हणून दोघंही किंचित तिरके बसलेले दिसतील. एका लांब बाकापेक्षा दोन वेगळी स्टुलं बरी, कारण दोघांची उंची क्वचितच सारखी असते. रचना बदलली की जागांची अदलाबदल करणाऱ्या जोड्याही आहेत.

म्हणजे उजवीकडचा मुख्य आणि डावीकडचा साथीला, असंच ना?

ऐकताना तसं वाटतं खरं. गुणगुणता येईल अशी धून बहुतेक वेळा प्रीमोकडे असते. पण लय कुणाच्या हातात आहे ते पाहा. खर्जाचा स्वर कधी पडणार, तो किती लांबणार, वाक्याच्या शेवटी किती श्वास घ्यायचा, हे सगळं सेकोंडो ठरवतो. प्रीमोला थोडं रेंगाळायचं असेल तरी खालची जमीन हलल्याशिवाय त्याला रेंगाळता येत नाही.

त्यात पेडल. उजवं पेडल दाबलं की सगळ्या तारांवरचे डॅम्पर, म्हणजे आवाज थांबवणाऱ्या गाद्या, एकदम उचलले जातात. तार कुणाच्या बोटाने छेडली याच्याशी पेडलला देणंघेणं नसतं. पाय मात्र एकाचाच असू शकतो आणि रूढीने तो सेकोंडोचा असतो, कारण खर्ज आणि स्वरसंगती (एकत्र वाजणारे स्वर) त्याच्याकडे असते. आता अडचण अशी की खालची संगती दोन मात्रा तशीच राहिली तरी वर धून चार स्वर पुढे गेलेली असते. सेकोंडोने स्वतःच्या हातांपुरतं पाहून पाय दाबून धरला तर प्रीमोची धून चिखलासारखी एकमेकांत मिसळते. म्हणून चांगला सेकोंडो आपले हात वाजवतो आणि पाय शेजाऱ्यासाठी चालवतो. एकट्याने पियानो वाजवणाऱ्याचे हात आणि पाय एकाच कानाच्या हुकमात असतात; इथे पायाला दुसऱ्याच्या बोटांचं ऐकावं लागतं. हे अंगवळणी पडायला भल्याभल्यांना वेळ लागतो.

आणखी एक. मंचावर पियानो असा ठेवतात की वादकांची उजवी बाजू प्रेक्षकांकडे येते. म्हणजे प्रीमो पुढे, सेकोंडो त्याच्या आड. सगळं चालवणारा माणूस बऱ्याच जणांना दिसतच नाही.

मग बसावं कुठे?

सभागृहाच्या डाव्या बाजूला. जमलं तर जरा उंचावर किंवा बाल्कनीत, म्हणजे चारही हात दिसतात. केवळ आवाजासाठी येणाऱ्याने मधली जागा घ्यावी.

हात एकमेकांवर आपटत नाहीत का?

आपटतात, सरावात तर सर्रास. खरी गर्दी होते ती मधल्या सप्तकात, प्रीमोचा डावा आणि सेकोंडोचा उजवा हात जिथे येतो तिथे. सराव केलेल्या जोडीच्या नोटेशनवर त्यामुळे पेन्सिलीच्या खुणांची दाटी असते: इथे तू वर, मी खाली, इथे मनगट उचल, हा स्वर मी सोडतो, तू घे. एकाचा हात पट्ट्यांच्या आत, काळ्या पट्ट्यांच्या बाजूला सरकतो आणि दुसऱ्याचा कडेवर राहतो. कोपर मात्र कुठे ठेवायचं हे कुणी छापून देत नाही.

सर्वांत चमत्कारिक प्रसंग एकाच पट्टीचा. एकाने एखादा स्वर धरून ठेवलाय आणि दुसऱ्याला नेमका तोच पुढच्या क्षणी वाजवायचाय. पट्टी दाबलेलीच असेल तर हातोडी पुन्हा उडणार कशी? 1821 मध्ये एरार यांनी अशी रचना आणली की पट्टी पूर्ण वर न येताही स्वर पुन्हा वाजवता येतो. तरी थोडी तरी ती वर यावीच लागते. म्हणून पहिल्याने आपला स्वर लिहिलाय त्यापेक्षा केसभर आधी सोडायचा आणि पेडलने तो तुटल्याचं कळू द्यायचं नाही. श्रोत्याला यातलं काही जाणवलं नाही, तर जमलं.

हातांची ही गुंतागुंत संगीतकारांनाही मोहवत आलेली आहे. 1780 च्या सुमारास योहान नेपोमुक देल्ला क्रोचे यांनी रंगवलेल्या मोझार्ट कुटुंबाच्या चित्रात वोल्फगांग आणि त्याची बहीण नानर्ल एकाच वाद्यापुढे बसलेत आणि त्यांचे हात एकमेकांवरून गेलेले आहेत. वडील लिओपोल्ड व्हायोलिन घेऊन बाजूला.

दोघं एकाच क्षणी सुरुवात कशी करतात?

श्वासाने. पहिल्या स्वराच्या आधी एक मात्रा जो श्वास घेतला जातो त्याच्या वेगातच पुढच्या लयीचा वेग असतो. जोडीला मनगटाची किंवा मानेची छोटीशी हालचाल. मान फार जोरात डोलताना दिसली तर समजावं, सराव कमी पडलाय.

पियानोवर हे जास्त कठीण का, ते स्वराच्या स्वभावावरून कळतं. व्हायोलिनचा स्वर हळूहळू फुलवता येतो, त्यामुळे दोन व्हायोलिन किंचित पुढेमागे आल्या तरी खपून जातं. पियानोचा स्वर हातोडी पडताक्षणी पूर्ण ताकदीने येतो आणि लगेच विरायला लागतो. दोन हातोड्यांमध्ये सेकंदाच्या काही शतांश भागांचा फरक पडला, तर स्वरसंगतीला टोक येण्याऐवजी ती फाटल्यासारखी वाटते. विशेषतः हळू आणि हलक्या आवाजातल्या सुरुवाती. धडाक्याने सुरू होणाऱ्या रचना त्यामानाने सोप्या.

दोन पियानोंवर वादक समोरासमोर आणि बरेच लांब असतात, तिथे नजरेचा आधार घेतात असं आपल्याला वाटतं. पण तुर्कस्तानच्या गुहेर आणि सुहेर पेकिनेल या जुळ्या बहिणी एकमेकींकडे पाठ करून वाजवण्यासाठी प्रसिद्ध आहेत. डोळे सोयीपुरते; खरं काम कानाचं.

ही जुगलबंदी असते का?

नाही. प्रत्येक स्वर आधी लिहिलेला असतो आणि कुणी कुणावर मात करायची नसते. चुरस वाटावी असे प्रसंग दोन पियानोंच्या रचनांमध्ये येतात, तेही लिहूनच ठेवलेले.

नोटेशन समोर ठेवून का वाजवतात? पाठ नसतं का?

असतं बऱ्याचदा. पण एकट्याने वाजवणारा विसरला तर सावरून घेऊ शकतो, इथे एकाची उडी दुसऱ्याला खड्ड्यात घालते. शिवाय एकाहून अधिक वादकांच्या संगीतात कागद समोर ठेवणं हीच रीत आहे.

छापील पानांची मजा वेगळीच. जुन्या पद्धतीच्या आवृत्तीत डावं पान सेकोंडोचं, उजवं प्रीमोचं. दोघांपुढे आपापलाच भाग असतो, दुसरा काय वाजवतोय ते दिसत नाही. आणि पान उलटायची वेळ दोघांचीही एकच, त्यामुळे दोघांचा मजकूर नेमका त्याच मात्रेवर संपेल अशी मांडणी छापणाऱ्याला करावी लागते. काही आवृत्त्यांत दोन्ही भाग एकाखाली एक छापतात. सरावाला ते उत्तम.  आजकाल टॅबलेट आणि पायाने पान उलटायचं बटण बरेच जण वापरतात. ते बटण सहसा प्रीमोच्या पायाशी बरं, कारण सेकोंडोचा उजवा पाय आधीच कामात असतो.

दोन पियानो मंचावर असे उलटसुलट का ठेवतात?

एकाचा वळणदार भाग दुसऱ्याच्या खळग्यात बसावा म्हणून. मोठा कॉन्सर्ट ग्रँड पावणेतीन मीटरच्या आसपास लांब असतो, दोन सरळ ठेवले तर मंच अपुरा पडेल. झाकण उजवीकडे उघडतं. त्यामुळे पुढच्या पियानोचा आवाज श्रोत्यांकडे येतो आणि मागच्याचं झाकण तसंच ठेवलं तर त्याचा आवाज मंचाच्या पाठीमागे जाईल. म्हणून ते बिजागरीतून काढूनच ठेवतात. दोन्ही वाद्यं एकमेकांशी सुरात लावणं हे ट्यूनरचं वेगळंच दुखणं असतं.

अशा मैफलीत साधारण काय ऐकायला मिळतं?

सुरुवातीला बहुतेकदा मोझार्ट. चार हातांसाठीचे त्याचे 1786 चा एफ मेजर (के. 497; ‘के.’ म्हणजे त्याच्या रचनांच्या कोशेल यादीतला क्रमांक) आणि 1787 चा सी मेजर (के. 521) हे सोनाटा या प्रकारातले पहिले खरे भारदस्त सोनाटा आहेत. दुसरा पाठवताना त्याने आपला मित्र गॉटफ्रीड फॉन याक्विन याला कळवलं होतं की तुझ्या बहिणीला लगेच सरावाला बसायला सांग, कारण तो जरा अवघड आहे. खरंच आहे.

मग शुबर्ट, त्याच्याबद्दल पुढे. ब्राम्सचे ओपस 39 चे वॉल्ट्झ किंवा हंगेरियन डान्स, द्वोर्झाकचे स्लाव्होनिक डान्स. फ्रेंच मंडळींनी या प्रकारावर विशेष माया केली: बिझेची 1871 ची ‘मुलांचे खेळ’, फोरेची ‘डॉली’, देब्यूसीची ‘पेतित स्वीट’, राव्हेलची ‘मदर गूज’. राव्हेलने ती गोदेब्स्की कुटुंबातल्या मिमी आणि जाँ या दोन मुलांसाठी लिहिली आणि 1910 मध्ये तिचा पहिला जाहीर प्रयोग दोन लहान मुलींनीच केला. बोटांना सोपी, पण आवाजाचा पोत सांभाळणं मोठ्यांनाही जड जातं.

दोन पियानो असतील तर मोझार्टचा सोनाटा के. 448, रॅखमॅनिनॉफचे दोन स्वीट, मियोची ‘स्कारामूश’ आणि शेवटी टाळ्या वसूल करायला लुतोस्वाव्स्कीची पागानिनीच्या धूनीवरची 1941 ची रचना. ही युद्धकाळातल्या वॉर्सॉमधली. जर्मनांच्या ताब्यातल्या शहरात लुतोस्वाव्स्की आणि पानुफ्निक हे दोघे कॅफेत दोन पियानोंवर वाजवून पोट भरत, तेव्हाची.

हंगेरियन डान्स तर ऑर्केस्ट्राचे आहेत ना?

मूळचे चार हातांचे. पहिले दहा 1869 मध्ये छापले गेले आणि इतके खपले की प्रकाशक झिमरॉकने द्वोर्झाकला तसंच काही लिहायला सांगितलं. त्यातून 1878 मध्ये स्लाव्होनिक डान्स आले. तेही मूळ चार हातांसाठीच.

उलटा प्रवासही भरपूर झाला. रेकॉर्ड आणि रेडिओ नव्हते तेव्हा एखादी सिंफनी ऐकायची तर ऑर्केस्ट्रा असलेल्या शहरात राहायला हवं. नाहीतर चार हातांची आवृत्ती विकत आणायची आणि घरी दोघांनी वाजवायची. हायडन, बेथोव्हेन, शुमान यांच्या सिंफनी असंख्य घरांत पहिल्यांदा पोचल्या त्या अशा. बेथोव्हेनने तर आपल्या ‘ग्रोस फ्यूग’ची दुसऱ्याने केलेली आवृत्ती न आवडल्यामुळे स्वतःच चार हातांसाठी ती पुन्हा उतरवून काढली. त्याच्या हस्ताक्षरातलं ते बाड 2005 मध्ये फिलाडेल्फियाजवळच्या एका धर्मशिक्षण संस्थेत सापडलं. स्ट्राव्हिन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’चीही चार हातांची आवृत्ती 1913 मध्येच छापली गेली, ऑर्केस्ट्राच्या पूर्ण नोटेशनच्या कितीतरी आधी. त्याच्याही आधी, 1912 मध्ये, स्ट्राव्हिन्स्की आणि देब्यूसी यांनी एका मित्राच्या घरी ती मिळून वाजवली होती.

मोझार्ट ऐकून हुशारी वाढते म्हणतात, ती हीच रचना का?

हो, वर आलेला मोझार्टचा दोन पियानोंचा सोनाटा, के. 448. 1993 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दहा मिनिटं ती ऐकवली होती. त्यानंतर आकार आणि जागा यांच्याशी संबंधित कोड्यांत त्यांना थोडे जास्त गुण पडले आणि तो परिणाम पंधरा मिनिटांच्या आत ओसरला. बाळांचा त्यात संबंधच नव्हता. बाकीचं सगळं नंतर चिकटलेलं. रचना सुंदर आहे, तेवढं कारण ऐकायला पुरेसं आहे.

शुबर्टची एफ मायनर फँटसी प्रत्येक कार्यक्रमात का असते?

कारण या प्रकारात तिच्या तोडीचं दुसरं काही नाही. हे माझं मत, पण ते माझ्या एकट्याचं नाही. 1828 च्या सुरुवातीच्या महिन्यांत लिहिलेली ही रचना (डी. 940) त्याने आपली शिष्या कॅरोलिन एस्टरहाझी हिला अर्पण केली. मे महिन्यात शुबर्ट आणि फ्रान्झ लाखनर यांनी ती मित्राला वाजवून दाखवली. नोव्हेंबरात शुबर्ट गेला, वय वर्षं 31. छापून आली ती पुढच्या वर्षी.

ऐकताना पहिल्यांदा सेकोंडोकडे लक्ष द्या. धून येण्याआधी तो एकटाच एफ मायनरची संगती मोकळी करून हलक्या आवाजात फिरवत राहतो. त्याचे स्वर एकसारखे आणि एका वजनाचे नसतील तर प्रीमो कितीही गुणी असो, पुढची वीस मिनिटं बिघडलीच. त्यावर प्रीमोची धून येते, खालून वर झेपावणारी आणि तिथेच अडखळणारी. ती नंतर मेजरमध्ये येते तेव्हा उजेड पडल्यासारखं वाटतं, पण तो टिकत नाही.

मधले दोन भाग एफ शार्प मायनरमध्ये आहेत, म्हणजे फक्त अर्धा स्वर वर. एवढ्याशा सरकण्याने सगळं परकं वाटायला लागतं. आधी खणखणीत, झटके देणारा लार्गो, मग वेगवान स्केर्झो. मग पहिली धून परत येते आणि तिच्यातून फ्यूग (एकच धून वेगवेगळ्या आवाजांत एकामागून एक येते तो प्रकार) सुरू होतो, चारही हात एकमेकांवर चढत जातात आणि ऐन शिखरावर सगळं थांबतं. त्या शांततेत एखादा उत्साही श्रोता टाळी वाजवतो. वाजवू नका. अजून एक पान आहे.

मग टाळ्या नेमक्या कधी?

वादकांनी हात मांडीवर घेतले की. सोनाट्याच्या मूव्हमेंट्सच्या, म्हणजे भागांच्या, मध्ये थांबायचं असतं. छोट्या नृत्यरचनांच्या मध्ये कुणी वाजवल्या तर फारसं बिघडत नाही.

भावंडं किंवा नवरा-बायकोच का दिसतात या जोड्यांमध्ये?

सरावाला वेळ आणि एकच पियानो, दोन्ही घरात मिळतं. कात्या आणि मारिएल लाबेक या बहिणी, लुकास आणि आर्थर युसेन हे भाऊ, आल्फोन्स आणि आलॉइस कोन्टार्स्की हे भाऊ, व्हिट्या व्ह्रॉन्स्की आणि व्हिक्टर बाबिन हे दांपत्य. हंगेरियन संगीतकार जॉर्ज कुर्टाग आणि त्याची पत्नी यांनी उभ्या पियानोवर, आवाज दाबून, जॉर्जने स्वतः चार हातांसाठी उतरवलेला बाख अनेक वर्षं मैफलींत वाजवला. साधेपणात त्याला तोड नाही.

पण नातं हवंच असं काही नाही. राडू लुपू आणि मरे पेराया, मार्था आर्गेरिच आणि नेल्सन फ्रेइरे, बेंजामिन ब्रिटन आणि स्व्यातोस्लाव रिख्टर हे सगळे मित्रच. दोन मोठे एकल वादक एकत्र आले की दोन मोठे आवाज एकमेकांना ढकलतील अशी भीती असते. या तीन जोड्यांमध्ये तसं होत नसे, कारण प्रत्येक जण दुसऱ्यासाठी आवाज कमी करायला तयार असे.

आम्ही दोघं शिकतोय. सुरुवात कशाने करावी?

एक जण अगदी नवखा असेल तर डायबेलीचा ओपस 149. प्रीमोचे हात पाच स्वरांच्या पलीकडे जात नाहीत, सेकोंडो शिक्षकाने वाजवायचा. दोघंही बरे वाजवत असाल तर शुबर्टचे मार्च. सुरुवातीचे दिवस पेडलला हातच, म्हणजे पायच, लावू नका; एकत्र पडणारे आणि न पडणारे स्वर उघडे ऐकू येऊ द्या. मग जागा बदलून एकमेकांचा भाग वाजवून पाहा, निदान हळू लयीत. प्रीमो वाजवणाऱ्याने एकदा डाव्या बाजूला बसून पेडल सांभाळलं की त्याच्या बऱ्याच तक्रारी बंद होतात. नखं कापा, अंगठ्या काढून ठेवा.

तीन जण एका पियानोवर बसू शकतात का?

बसतात. रॅखमॅनिनॉफने 1890 आणि 1891 मध्ये स्कालोन घराण्यातल्या तीन बहिणींसाठी सहा हातांच्या दोन छोट्या रचना लिहिल्या, एक वॉल्ट्झ आणि एक रोमान्स. रोमान्सची सुरुवात ऐकून कॉन्चेर्टोचे (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्या रचनांचे) शौकीन चमकतात, कारण तोच आरंभ त्याने पुढे दुसऱ्या पियानो कॉन्चेर्टोच्या मधल्या मूव्हमेंटमध्ये वापरला. एन्कोरला, म्हणजे शेवटच्या टाळ्यांनंतर जादा म्हणून, या रचना वाजवतात तेव्हा तिसरा वादक बहुतेकदा आपलं स्टूल स्वतःच उचलून आणतो.